गेनूच्या अर्जातला अनुक्रमांक

हे मी घरीही बोललो नाही. बायको समोर तांदूळ निवडत बसलेली असते, मी मनात सुरुवात करतो — आणि उठून शाळेची हजेरी तपासायला घेतो. तुम्हाला सांगून टाकतो.

मी याद्या करणारा माणूस. चाकण रस्त्यापासून आत आमचं गाव, तिथला मी मास्तर. शाळेतली मुलं, देवीची लस टोचलेले, मतदार — साऱ्या याद्या माझ्याकडे. पंचायतीची नवी मतदारयादी मीच केली, घरोघर फिरून. तीत एकही चूक नव्हती. हे आधी का सांगतोय मी?

आमच्याकडे निवडणूक बिनविरोध होते. पाटलांच्या ओसरीवर चहा होतो, नावं ठरतात, बाकीचे माना डोलावतात. मला पाटलांनी काही करायला सांगितलं नव्हतं. एवढंच म्हणाले, "मास्तर, यंदाबी गावात तंटा नको बरं का." सांगितलं असतं, तर मी नाही म्हणालो असतो — असं वाटतं. खरंच म्हणालो असतो का?

त्या वर्षी गेनू उभा राहायला निघाला. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला, पिंपरीला नव्या कारखान्याच्या पायाची माती उपसणारा. त्याला एकच हवं होतं — पंचायतीची नवी विहीर वस्तीवर व्हावी. वस्तीतल्या बायका पाटलांच्या विहिरीशी हंडे मांडून उभ्या राहत, वरून कुणी पाणी ओतेल तोवर.

अर्ज भरायला तो माझ्याकडेच आला. दुसऱ्या कुणाकडे जाणार? सूचकाचा, म्हणजे त्याचं नाव सुचवणाऱ्या माणसाचा, मतदारयादीतला अनुक्रमांक लिहायचा होता. "तुमीच घाला मास्तर. आमी अंगठा कुठं करायचा तेवढं दावा."

जुनी यादी डावीकडे होती, नवी उजवीकडे. जुनीत त्या सूचकाचा क्रमांक एकशे बारा, नवीत एकशे एकोणतीस. मला पाठ होता. मी एकशे बारा लिहिला. हात अडला नाही — क्षणभरसुद्धा नाही.

छाननीला तालुक्याचे साहेब आले. नव्या यादीत एकशे बारावर पाटलांची चुलती. अर्ज बाद. यादी बदलल्याचं ध्यानात राहिलं नाही, असं मी म्हणालो. स्वतः केलेली यादी!

"काय राव मास्तर, तुमीबी चुकता व्हय?" पाटलांचा भाऊ हसला. मीही हसलो.

गेनू म्हणाला, "जाऊ द्या. मास्तर तरी किती ध्यानात ठिवतील?" त्याचा सूचक मात्र माझ्याकडे बघत राहिला.

पंचायत बिनविरोध झाली. पहिल्याच बैठकीत विहिरीचा ठराव आला — जागा पाटलांच्या मळ्याच्या बांधाला. वाचून दाखवायचं काम माझं. स्वच्छ आवाजात वाचला. गेनू दाराबाहेर उभा होता.

कुणाची हरकत आहे का, असं मी विचारलं — आणि फक्त आत बसलेल्यांकडे पाहिलं.