बोनेटवरचा चौकोन

भिवंडीत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या सगळ्या गाड्यांत आमच्या मामेसासऱ्यांच्या गाडीइतकी लाडाची गाडी दुसरी नव्हती, आणि गाडीच्या मेणाचा त्यांच्याइतका विचार केलेला माणूस तर मुंबईपासून नाशिकपर्यंत झाला नसेल. नाशिकचं मी अंदाजाने सांगतो. भिवंडीचं मात्र शपथेवर. हिचे मामा म्हणून मीही त्यांना मामाच म्हणे. ते सुताचे दलाल होते. सकाळी नमुन्यांची पिशवी मागच्या सीटवर टाकायची, मला मास्तराला वाटेत शाळेवर सोडायचं, आणि राहनाळ, वडपे असं फिरून दुपारी परत यायचं, हा त्यांचा क्रम. गाडी जुनीच घेतलेली, आणि ती ठेवायला गल्लीखेरीज जागा नाही. समोर सायझिंग, म्हणजे विणण्याआधी सुताला कांजी पाजायचा कारखाना. त्याच्या धुराड्यातून दिवसभर काजळी पडे आणि शेजारच्या लूममधून कापसाचं तूस उडत येई. वरून काळं, बाजूने पांढरं, आणि मध्ये ऊन. इतर लोक अशा वेळी गाडीवर ताडपत्री टाकत. मामांना ते मान्य नव्हतं. "ताडपत्रीखाली काजळी घासली जाते, जावईबापू. म्हणजे आपणच गाडीला पॉलिशपेपर मारायचा."

रोज धावणाऱ्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि दलालाच्या खिशाला झेपेल अशा गाडीला मेण कोणतं लावावं, या एका प्रश्नाला त्यांनी ऐंशीच्या दशकातली निम्मी वर्षं दिली. बोनेटवर सूत ताणून त्यांनी सारखे चौकोन आखले होते. एकात दुकानातलं महागडं डबीतलं मेण, एकात फरशीचं पॉलिश, एकात बुटाचं बिनरंगी पॉलिश, एकात रॉकेलमध्ये विरघळवलेली मेणबत्ती. समोरच्या चाचांचा मुलगा आखातात होता. त्याने आणलेल्या डबीतलं बोटभर मेण चाचांनी दिलं, त्याला मानाचा मधला चौकोन मिळाला. दर रविवारी मामा तांब्याने पाणी ओतत आणि खाली वाकून थेंब बघत. थेंब गोल उभा राहिला तर मेण जिवंत, पसरला तर मेलं. आखाती मेण तीन आठवडे आरशासारखं चमकलं आणि वैशाखात एकाएकी गेलं. चाचांना वाईट वाटू नये म्हणून मामा म्हणाले, "मेण चांगलं हाय चाचा, फक्त सावलीत वाढलेलं हाय."

चमकेवर ते भुलत नसत. "चमक काय, पहिल्या दिवशी कुणीही देतं. दीड महिन्याने काय उरतं ते बघायचं," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की वर्गात मुलांना शिकवतानाही तोंडात येई.

या सगळ्या चौकोनांत तळहाताएवढा एक चौकोन मात्र उपाशी होता. त्याला ते कधीच काही लावत नसत. त्याचा रंग विटून पांढुरका झाला होता. मी विचारलं, तर म्हणाले, "नाही जपलं तर काय होतं, ते रोज डोळ्यांपुढे पाहिजे."

एकदा सकाळी गाडीत मी सहज बोलून गेलो, "मामा, एवढा खटाटोप करण्यापेक्षा एकदाच नवा रंग काढून घ्या ना."

त्यांनी गाडी थेट राहनाळपर्यंत नेली. त्या दिवशी शाळा मागे पडली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मग रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून त्यांनी सांगितलं. गाडी घेतली तेव्हा पांढरी होती. मामी आपला लग्नातला शालू पिशवीत घालून रंगाऱ्याकडे गेल्या आणि काठाचा मोरपंखी रंग जुळेपर्यंत त्याला उठू दिलं नाही. त्याने तीनदा रंग मिसळला, नजरेच्या अंदाजाने. पुढच्याच वर्षी मामी गेल्या. शालू त्यांच्याबरोबरच गेला. रंगारी आखातात निघून गेला, ते प्रमाण डोक्यात घेऊन. "आता तो रंग फक्त हिच्या अंगावर हाय," मामा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले. "पत्रा काय, कुठेबी मिळतो."

इतका सावध माणूस. पण चूक केली ती भिवंडीतल्या सुताच्या दलालानेच करावी अशी. सायझिंगच्या कांजीत मेण घालतात, म्हणून सुताचा धागा लूमवर हजारदा घासला तरी तुटत नाही. मग तीच कांजी गाडीला का चालू नये? समोरच्या कारखान्यातून त्यांनी बादलीभर गरम कांजी आणली. निम्मी गाडी आपल्या पद्धतीने मन लावून सारवली आणि वाळायला ठेवली. वाळता वाळता आसमंतातलं सगळं तूस तिच्यावर येऊन बसलं. संध्याकाळपर्यंत गाडीला लोकर आली. सकाळी पाहतो तर चाचांची शेळी मागचे पाय गटारावर टेकून डाव्या दाराचा फराळ करत होती.

चाचा धावत आले. "भाई, काय चारलंत तिला? कालपासून पाल्याला तोंड लावत न्हाय!"

"चारलं न्हाय, तिनं आपलं आपण वाढून घेतलं."

"अन् हिचं पोट बिघडलं तर?"

"मेण हाय चाचा, आतूनही चमकेल."

गल्ली हसली. मीही हसलो. मामा मात्र हसले नाहीत, कारण शेळीने चाटलेल्या कडेला कांजीचा पापुद्रा उचलला गेला होता आणि त्याच्या पोटाशी मोरपंखी ठिपके चिकटून आले होते. उरलेली कांजी तशीच तडकली, तर निम्मा रंग घेऊन जाणार होती. त्या दिवशी मामांनी दलाली बंद ठेवली. चाचांच्या घरातून कोमट पाणी येत राहिलं, आणि मामा ओल्या फडक्याने इंच इंच भिजवत दुपारपर्यंत बसले. रंग वाचला. डाव्या दाराच्या कोपऱ्यावर रुपयाएवढा डाग राहिला, तो त्यांनी कधी झाकला नाही.

अखेर जिंकलं ते बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातलं, साध्या डब्यातलं पिवळट मेण. चमक बेताची, पण दीड महिन्याने थेंब उभा. त्याचा विधीही ठरला: काजळी पुसायची नाही, आधी धुवायची, गाडी सावलीत आणून पत्रा गार होऊ द्यायचा, मेण पातळ लावायचं. "हात हलका, जावईबापू. जाड थर म्हणजे आळस."

नव्वदचं दशक सरता सरता मामा गेले. मूलबाळ नव्हतं, गाडी माझ्या दारात आली. मी तिला हात लावला नाही. आधी सुतकाचे दिवस म्हणून, मग पाऊस म्हणून, मग परीक्षा म्हणून. पुस्तकं वाचणारा माणूस दुःखाला फार सबबी शोधून देतो. वर्ष होत आलं होतं. एका रविवारी चाचा काठी टेकत आले, बोनेटपाशी थांबले आणि म्हणाले, "मास्तर, मामांचा तो चौकोन दिसत न्हाय हो आता."

मी वाकून बघितलं. चौकोन कुठे गेला नव्हता. सबंध बोनेट त्याच्यासारखं झालं होतं.

मी पाणी आणलं. डिकीत डबा होता. मेणात मामांच्या दोन बोटांची खूण तशीच होती. गाडी धुतली, सावलीत ढकलली, पत्रा गार होईपर्यंत दोघेही पायरीवर बसलो. मग त्या खुणेच्या बाजूने थोडं मेण घेतलं.

"हलका हात, मास्तर," चाचा म्हणाले.

मला उशीर झाला होता, हे दिसत होतंच. पण फडकं तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा पांढुरकेपणाच्या खालून काहीतरी मोरपंखी वर आलं. फिकट, पण तेच. न दिसणाऱ्या त्या उपाशी चौकोनाच्या कडेशी माझा हात आपोआप थांबला. तेवढी जागा सोडून मी पुढे गेलो.