भागलं की चिन्ह का उलटतं

सन १९५७, दिवाळीनंतरचा पहिला रविवार. शिकवणीची ठरलेली रक्कम महिना पंधरा रुपये. हजर चौघे: मी, माझी बायको, नोकरीतून निवृत्त झालेले गणिताचे एक मास्तर, आणि स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसलेली माझी आई. आई शिकवणीला नव्हती. परका पुरुष घरात येऊन सुनेला शिकवणार, म्हणून ती बसली होती. मीही त्याच कारणाने बसायचो. आमच्याकडे ती रीत होती आणि ती चुकीची की बरोबर याचा विचार आम्ही कोणी केला नाही.

बायको गोंदियातल्या मुलींच्या शाळेत हंगामी शिक्षिका होती, पगार साठ रुपये. ती लग्नाआधी मॅट्रिक झालेली. वरच्या वर्गांना गणित शिकवायची जागा कायम व्हायची होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की पुढच्या जूनपर्यंत गणित घेऊन इंटर पास झालात तर जागा तुमची, नाहीतर बाहेरून माणूस आणू. बाहेरून माणूस आला की हंगामी बाई घरी बसणार, हे सांगायची गरज नव्हती. परीक्षा मार्चमध्ये, नागपूरला.

मी तेव्हा एका राईस मिलमध्ये हिशेबनीस होतो. आमचं घर मुर्रीकडच्या बाजूला. रविवारी मास्तर सायकलवरून यायचे, मी खाटेवर वर्तमानपत्र घेऊन बसायचो. पण समोर आकडे चालू असले की माझं लक्ष दुसरीकडे लागत नाही. दुसऱ्याच रविवारी वर्तमानपत्र बाजूला पडलं.

मास्तर हिंदीतूनच शिकवायचे, मधून मराठी. त्यांनी सुरुवात सोपी केली. दहाचा दहाने एकदा गुणाकार केला की शंभर, म्हणजे दहाचा दुसरा घात शंभर, म्हणून शंभराचा लॉग दोन. हजाराचा तीन. "लॉग मतलब सिर्फ एक सवाल. दस को कितनी बार लेना है?" हे मला पटलं. मिलमध्ये मोठे गुणाकार हाताने करताना तास जातात. इथे गुणाकाराची बेरीज होत होती आणि भागाकाराची वजाबाकी. लॉगच्या छापील तक्त्यात बोट ठेवायचं, आकडा उतरवायचा. मी सोमवारी मिलमध्ये चोरून एक गुणाकार तसा करून पाहिला. शेवटच्या अंकात फरक आला, पण जवळ आला.

मग समीकरणं आली. त्यातलं एक मला अजून तोंडपाठ आहे. x चा लॉग अधिक x वजा तीनचा लॉग, बरोबर एक. बायकोने दोन लॉग एकत्र करून x गुणिले x वजा तीन बरोबर दहा असं मांडलं आणि उत्तरं काढली: पाच आणि उणे दोन. मास्तरांनी उणे दोनवर आडवी रेघ मारली.

"ते काऊन खोडलं?" मी खाटेवरून विचारलं.

"माइनस का लॉग होता ही नहीं, मुनीमजी. दस को कितनी भी बार लो, माइनस आएगा क्या?"

"पण गणितातून तर आलं ना ते."

"आया, तो आया. घर में बिल्ली भी आती है. रखते हो क्या?"

बायको हसली. आई दारातून म्हणाली, "निघालेलं उत्तर फेकून देते म्हणजे काय? मास्तर शिकवून राहिले का उधळून राहिले?"

मला हसू आलं नाही. हिशेबात निघालेला आकडा मी कधी टाकला नव्हता. पण उणे दोन परत समीकरणात घालून पाहिलं तेव्हा खरंच उणे दोनचा लॉग मागितला जात होता आणि तसा घात कुठेच सापडत नव्हता. म्हणजे उत्तर नियमाने निघतं, तरी त्याला मूळ प्रश्नात उभं करून पाहावं लागतं. हे पटायला मला एक आठवडा लागला. त्या आठवड्यात बायको पुढे निघून गेली होती.

जानेवारीत असमानता सुरू झाल्या, आणि तिथे गाडी अडली.

गणित असं होतं: ०.८ चा n वा घात ०.१ पेक्षा लहान आहे, तर n किती? मास्तर गेल्यावर बायको पुस्तक मिटून म्हणाली, "हे आमच्या तलावासारखं आहे." तिचं माहेर बोदलकशाच्या बाजूला. धान कापून झाला की त्यांच्या गावच्या तलावाचं पाणी उतरत जातं. समजा दर आठवड्याला असलेल्या पाण्याचा पाचवा हिस्सा जातो, चार हिस्से उरतात. तर किती आठवड्यांनी पाणी दहाव्या हिश्शाच्या खाली जाईल? तिने मांडणी केली, दोन्हीकडे लॉग घेतला, दोन्ही बाजूंना ०.८ च्या लॉगने भागलं आणि पुढच्या रविवारी मास्तरांपुढे वही ठेवली. उत्तर: n हा १०.३ पेक्षा लहान.

मास्तरांनी लहानचं चिन्ह खोडून मोठ्याचं केलं. "निशान पलटाओ."

"काऊन पण?" बायकोने विचारलं.

"नियम है."

"नियम आहे, पण काऊन आहे?"

"बाई, परीक्षा में क्यों नहीं पूछते. निशान पलटा, नंबर मिला."

आता मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मास्तर, आमच्या मिलमध्ये मोठा काटा आहे. एका पारड्यात जड माल, दुसऱ्यात हलका. दोन्हींचा निम्मा निम्मा काढला तरी जड ते जडच राहते. भागल्याने जड हलकं कसं होईल?"

"ये काटा नहीं है, मुनीमजी."

"मग काय आहे ते सांगा ना."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी चहाचा कप अर्धाच ठेवला, टोपी उचलली आणि म्हणाले, "तो फिर आप ही पढ़ाइए." सायकलची घंटी फाटकापर्यंत वाजत गेली. वाटेत कोणी नव्हतं, तरी वाजत गेली.

आई म्हणाली, "घ्या. च्या बी पूर्ण नाई पेला बिचाऱ्यानं."

मास्तर पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. परीक्षेला दीड महिना उरला होता आणि त्रिकोणमिती सगळी बाकी होती. मी आजही म्हणतो की 'काऊन' विचारण्यात काही चुकीचं नव्हतं. पण विचारणारा घरात बसून राहतो आणि सांगणारा निघून जातो, तेव्हा अभ्यास कोणी घ्यायचा? मी घ्यायला लागलो. मिलमधून आलो की हातपाय धुऊन वही उघडायची. मला चैन नव्हतं. जेवताना मी आठवडे मोजायचो. बायको भाकरी वाढताना म्हणायची, "घास तर गिळा आधी, मग भागा."

मी काट्याचाच नियम धरून ठेवला होता. तिने एका संध्याकाळी वही माझ्याकडे सरकवली. "तुमचा काटा म्हणते, n दहापेक्षा लहान. मग एक घ्या. एका आठवड्यानं पाणी किती?"

"चार पंचमांश."

"ते दहाव्या हिश्शापेक्षा कमी आहे का?"

नव्हतं. मी मग लॉग बाजूला ठेवून नुसता गुणाकार करत गेलो, ०.८, ०.६४, ०.५१२, असं खाली उतरत. दहाव्या आठवड्याला ०.१०७ आलं, अजून दहाव्या हिश्शाच्या वर. अकराव्याला ०.०८६. म्हणजे अकरा आठवडे आणि पुढे. मास्तरांचं चिन्ह बरोबर होतं, माझा काटा खोटा होता. आणि तरी का, ते कळलं नव्हतंच. उत्तर माहीत आणि कारण माहीत नाही, ही अवस्था मला अजिबात सहन होत नाही. मी अंगणात फेऱ्या मारायला लागलो. आईने विचारलं, "पोट दुखते का?"

कारण बायकोने शोधलं, तेही तक्त्यातच. ०.८ चा लॉग तक्त्यात पाहिला तर ०.९०३१ दिसतो, पण त्याच्या आधी उणे एक असतो. उणे एक आणि ०.९०३१ मिळून होतात उणे ०.०९६९. आम्ही भागत होतो ते या आकड्याने. ती उठून अंगणात आली.

"ऐका ना. मिलमध्ये दोन गाड्या आल्या धानाच्या. दोघींच्या चिठ्ठीवर पोती सारखीच. एकीत दोन पोत्यांची तूट निघाली, दुसरीत पाच पोत्यांची. धान कोणत्या गाडीत जास्त?"

"दोन तूटवालीत."

"आन तूट कोणत्या गाडीत जास्त?"

"पाचवालीत."

"झालं मग. धानाच्या हिशेबानं पहिली मोठी, तुटीच्या हिशेबानं दुसरी मोठी. उणे आकड्यानं भागलं म्हणजे धानाचा हिशेब सोडून तुटीचा धरला. पारडं नाही बदललं. तुम्ही काय मोजून राहिले ते बदललं."

रोज गाड्यांची तूट मी स्वतः लिहीत होतो. एकापेक्षा लहान आकड्याचा लॉग उणे असतो, कारण दहाचे घात घ्यायला मागे जावं लागतं, आणि त्याने भागलं की लहान-मोठ्याची अदलाबदल होते. एकापेक्षा मोठ्या आकड्याच्या लॉगने भागलं असतं तर चिन्ह जागचं हललं नसतं. हे मी त्या संध्याकाळी तीनदा वेगवेगळे आकडे घेऊन तपासलं आणि तिन्ही वेळा जुळलं.

"आता मास्तराले आणा," ती म्हणाली. "त्रिकोण तुमाले जमणार नाहीत."

"ते रागावले आहेत."

"मग मी जातो. सासूबाई येतीन संगं."

दोघी गेल्या. परत आल्यावर आईनेच सांगितलं काय झालं ते. बायकोने त्यांच्या ओसरीवर बसून गाड्यांची आणि तुटीची गोष्ट सांगितली. मास्तरांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "यही तो मैं कह रहा था!" आई सांगताना पदराने डोळे पुसून हसत होती. "कवा म्हणत होते वो? म्या तर दारातच बसलो होतो." रविवारी मास्तर आले. मी खाटेवर वर्तमानपत्र धरून बसलो आणि ते बाजूला ठेवलं नाही.

मार्चमध्ये मी रजा काढून तिला नागपूरला घेऊन गेलो. गणिताच्या पेपराला मी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभा होतो. बसलो नाही. बाहेर आलेल्या मुलांपैकी एकाच्या हातातली प्रश्नपत्रिका मी मागून घेतली आणि पहिल्याच पानावर असमानता पाहिली: पाया, म्हणजे दहाच्या जागी, एक द्वितीयांश, x वजा एकचा लॉग, उणे तीनपेक्षा मोठा. पाया एकापेक्षा लहान, म्हणजे चिन्ह उलटणार. x वजा एक आठपेक्षा लहान, x नऊपेक्षा लहान. पण तेवढ्याने भागत नाही. ज्याचा लॉग घ्यायचा ते शून्याच्या वर हवं, म्हणजे x एकापेक्षा मोठाही हवा. हे लिहिलं नाही तर उत्तर अर्धंच.

ती बाहेर आली. मी पाणीही विचारलं नाही.

"चिन्ह उलटवलं का?"

"उलटवलं."

"आणि एकापेक्षा मोठा, हे लिहिलं का?"

"लिहिलं असन."

"असन म्हणजे?"

"आता आठवत नाही जी. शेवटी घाई झाली."

परतीच्या गाडीत कामठी गेलं, भंडारा रोड गेलं, तुमसर गेलं. मी तिकिटाच्या मागे ते गणित पुन्हा पुन्हा सोडवत होतो आणि दर वेळी एक ते नऊच येत होतं. मी उत्तर काढून काय उपयोग होता? तिरोड्याला ती म्हणाली, "तुम्ही पास झाले. आता मले झोपू द्या." डोकं खिडकीला टेकवून ती झोपली. मी गोंदियापर्यंत जागा होतो.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मिलमध्ये माझ्या दोन बेरजा चुकल्या, आणि त्या मालकाने धरल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी मधल्या काळात एका बाहेरच्या उमेदवाराला भेटायला बोलावल्याचं बायकोने सांगितलं. सांगून ती भांडी घासायला गेली, आणि भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजली. मास्तर एकदा वाटेत भेटले तेव्हा त्यांनीही तेच विचारलं, "नीचेवाली हद लिखी थी क्या?" मी म्हणालो, आठवत नाही म्हणते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि सायकलवर बसले.

निकाल वर्तमानपत्रात आला. तिचा नंबर तिसऱ्या रकान्यात होता. मी दोनदा पाहिला, मग तिला दाखवला, मग आईला, जिला वाचता येत नव्हतं. आईने त्या जागेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. खालची हद्द लिहिली होती की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही. गुण आले ते एकंदर आले, आणि पास व्हायला पुरेसे आले.

जुलैत जागा कायम झाली. महिना संपल्यावर मी मिलमधून लवकर निघून शाळेत गेलो. कारकुनाने रसीद तिकीट लावलेला कागद पुढे केला आणि नोटा माझ्या बाजूला सरकवल्या. बायको म्हणाली, "सही माझी आहे ना? मग पैसेबी इकडं." तिने सही केली. जुलैच्या पगाराचे पंच्याऐंशी रुपये तिला रोख मिळाले.