मंगळवारी आणलेली असाइनमेंट

हरिचंद्र भोईर सर पालेगावचे. घरची भातशेती, दोन्ही भाऊ कारखान्यात, एकटे सर एम.एस्सी. झालेले. चौऱ्याऐंशी साली त्यांना गणितात संशोधन करायला बाहेरगावी जागा मिळाली होती. पण वडील अंथरुणाला खिळले आणि सर गेले नाहीत. पुढे उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स निघाला, तेव्हा थिअरीचा पेपर कुणालाच नको होता. त्यात कॉम्प्युटरला हातसुद्धा लावायचा नसतो. कागदावरच्या काल्पनिक यंत्राला काय जमेल आणि काय कधीच जमणार नाही, ते सिद्ध करत बसायचं. सरांनी तो पेपर मागून घेतला.

पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर नियम लिहिले. दर सोमवारी पाच प्रश्न मिळतील, पुढच्या सोमवारी तासाआधी उत्तरं टेबलावर हवीत. चर्चा कुणाशीही करा, पण लिहायला एकटे बसा, आणि ज्याच्याशी बोललात त्याचं नाव खाली टाका. येत नसेल तर सरळ ‘येत नाही’ लिहा, पाव मार्क मिळतील. थापा मारल्या तर शून्य. उशिरा आलेली असाइनमेंट घेतली जाणार नाही. कारण सांगू नका.

“सर, हे मार्क युनिव्हर्सिटीत धरतात?” मागून कुणीतरी विचारलं.

“नाही. मी धरतो.”

वर्ग हसला. माझ्या शेजारची अंजना भालेराव मात्र नियम वहीत उतरवून घेत होती. अंबरनाथ पूर्वेला राहायची, वडील केमिकल कंपनीत ऑपरेटर. तासानंतर मला म्हणाली, “वृंदा, बरं वाटलं गं. इथे आपण कुणाच्या, कुठल्या, काही विचारणं नाही. सोमवार म्हणजे सोमवार.”

पाच प्रश्नांखाली सर कधी कधी एक सहावा टाकत. त्याला मार्क नसत. ब्याण्णवच्या जानेवारीत त्यांनी असाच एक टाकला. एक यंत्र पट्टीवरची अक्षरं फक्त डावीकडून उजवीकडे वाचतं. दुसरं वाटेल तेव्हा मागे वळतं, पुन्हा पुढे जातं. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त काही ओळखता येतं का? उत्तर ‘नाही’ आहे, हे सरांनीच सांगितलं. सिद्ध करायचं आपण. पुस्तकात त्याला चार पानं लागलीत, असंही म्हणाले.

शनिवारी कँटीनमध्ये अंजना मला म्हणाली, “दीड पानात बसलं.” तिचा चेहरा असा उजळलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारी आली ती तशीच, चुरगळलेल्या साडीत. आम्ही स्टाफरूममध्ये गेलो.

“सर, असाइनमेंट.”

सरांनी हात पुढे केला नाही. “भालेराव, सोमवार काल होता.”

“हो सर.”

सर थोडे थांबले. कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवले.

बाहेर आल्यावर मला कळलं. रविवारी संध्याकाळी तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून ती हॉस्पिटलात बसून होती.

“मी सांगते सरांना.”

“मुळीच नाही. माझ्यासाठी वाकवला तर तो नियम कसला? तुला शपथ आहे माझी.”

वडील पुन्हा उभे राहिले नाहीत. मार्चमध्ये अंजना एका औषध कंपनीत पॅकिंगला लागली. परीक्षेला ती बसलीच नाही.

शहाण्णव साली मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. एकदा सरांनी उशीर झाला म्हणून एका मुलीची असाइनमेंट परत पाठवली. माझ्याच्याने राहवलं नाही. अंजनाची सगळी हकीकत सांगून चार वर्षं पाळलेली शपथ मी मोडली.

सर म्हणाले, “दीड पान म्हणाली होती?” आणि नंतर, “मी हातातसुद्धा घेतलं नाही.”

त्याच रविवारी आम्ही बदलापूरला गेलो. अंजनाचं लग्न झालं होतं, मुलगी वर्षाची होती. सरांना दारात बघून ती गडबडली. “सर, तुम्ही? या ना.”

सर बसले. “माझं चुकलं, अंजना,” म्हणाले. नावाने हाक मारताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. “ती पानं आहेत?”

“घर बदलताना रद्दीत गेली, सर.”

“थोडंफार आठवतं?”

तिने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं. पट्टी काढली, दोन अक्षरांच्या मध्ये एक रेघ मारली. “यंत्र या रेघेच्या डावीकडे गेलं, की परत येताना कुठल्या अवस्थेत येतं तेवढंच लक्षात ठेवायचं. तिकडे किती फिरलं, याच्याशी आपल्याला काय करायचंय? आणि मग...”

पेन थांबलं. मुलगी रडायला लागली, तिला मांडीवर घेऊन ती पुन्हा कागदाकडे बघत राहिली. सर वाट बघत होते.

“पुढे काहीतरी होतं, सर. तेव्हा मला सगळं एकदम दिसत होतं. आता रेघेपर्यंतच येते.”

“परीक्षेला बस. फॉर्म मी आणून देतो.”

“शिफ्ट असते, सर.” थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “यंदा वर्गात कुठवर आलाय?”

सरांनी सांगितलं, तिने माहेरची खबर ऐकावी तसं ऐकलं.

पुढच्या वर्षी फळ्यावरचा नियम बदलला. प्रत्येकाला दोन असाइनमेंट उशिरा द्यायची मुभा मिळाली, कारण न सांगता. अंजना परीक्षेला बसली नाही. सर मात्र ते उत्तर लहान करत राहिले. खूप खटपट केल्यावर ते तीन पानांवर आलं, त्याखाली येईना. दर जानेवारीत ते फळ्यावर मांडून झालं की मुलांना सांगत, “ही कल्पना अंजना भालेराव नावाच्या विद्यार्थिनीची आहे. तिची मांडणी दीड पानाची होती. मी ती वाचलेली नाही.”