दसऱ्याचा बार

तमाम नागरिक, पाळीव जनावरे, झाडावरचे बगळे आणि विशेषेकरून पलीकडच्या रानातली समस्त डुकरे यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वय वर्षे पन्नाशीपार, एका गुडघ्याला पट्टा आणि नाकावर दुहेरी नंबरचा चष्मा असलेल्या एका बाईने ठासणीचे पिस्तूल चालवायला शिकण्याचे ठरवले आहे. होणाऱ्या परिणामांना ती, तिचे मामा आणि नशीब असे तिघे मिळून जबाबदार राहतील.

ही दवंडी मी मामांच्या ओसरीत, हातात थाळी आणि चमचा घेऊन दिली. मामी हसून हसून खाली बसली. मामांनी कानामागे पंजा धरला आणि मामीला विचारलं, "काय म्हणून राह्यली ते?"

मामी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "शिकतो म्हणते."

"मंग एवढं लांबलचक कायले बोलली?"

मामा पांढरकवड्याच्या तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले. गावाबाहेर रानाला लागून त्यांचं शेत. पिस्तूल त्यांच्या वडिलांचं. एकच नळी, मुठीचं लाकूड हात लागून लागून काळं झालेलं, आणि घोडा एवढा मोठा की त्यावर टोपी अडकवावी. पिकाच्या राखणीसाठी त्याचा परवाना. निवडणूक आली की ते ठाण्यात जमा करायचं, निवडणूक सरली की परत आणायचं. मामांच्या गुडघ्यांना ही ये-जा झेपेना म्हणून परवान्यावर त्यांच्या जोडीला माझं नाव चढलं होतं. मी यवतमाळहून यायची, पिस्तूल आणि मामा दोघांना गाडीत घालून ठाण्यात न्यायची. तिथला हवालदार दर वेळी मला विचारायचा, "चालवता येते का, मॅडम?" मी म्हणायची, "गाडी येते."

या पिस्तुलाचं वर्षाचं काम एकच. दसऱ्याला पूजा झाली की संध्याकाळी मामा शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहायचे आणि रानाकडे तोंड करून एक बार काढायचे. छर्रे नाहीत, गोळी नाही. नुसती दारू आणि वर चिंधी. डुकरांना आणि रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, निरोप, की तूर उभी आहे आणि माणसंही आहेत. डुकरांनी हा निरोप कधी मनावर घेतल्याचं दिसलं नाही. आता तर शेताला झटक्याची तार आहे, शिवाय एक भोंगा आहे जो रात्रभर कुत्र्यासारखा भुंकतो आणि मधूनच माणसासारखा खाकरतो. डुकरं त्यालाही सरावली आहेत. पण दसऱ्याचा बार राहिला होता.

आणि आता तोही जाणार होता. दसरा झाला की मामा-मामी कायमचे पुण्याला लेकाकडे जायचे होते. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलेलं. पिस्तूल ठाण्यात, ते पुन्हा न आणण्यासाठी. लेकानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, की सोसायटीत लिफ्टमध्ये सायकल नेऊ देत नाहीत, तुम्ही पिस्तुलाचं काय घेऊन बसलात.

म्हणजे हा शेवटचा बार होता, आणि तो काढायला मामांचा हात उरला नव्हता. चहाचा कप ओठांपर्यंत येईतो अर्धा बशीत असायचा. कानांचं त्याहून वाईट. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, नस वाळत चालली आहे, जे आहे ते जपा. मशीन घेतलं तर त्यातून मामांना नुसती शिट्टी ऐकू यायची. त्यांनी ते मामीच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं.

"हाताचं काही नाही," मामा मला म्हणाले. "दुसऱ्याच्या हातानं चालते. कान दुसऱ्याचे नाही चालत. तू फक्त बार काढ, बाई. एक डाव ऐकून घेतो न् मंग जातो कुठं न्यायचं तिथं."

माझीच निवड का, तर मी नाटकवाली. तरुणपणी ऑफिसच्या नाटकांत मी बरेचदा गोळी खाऊन मेले आहे. एकदा तर इतकं रंगून मेले की पडदा पडायला उशीर झाला आणि मी पडल्या पडल्या आणखी दोन वाक्यं बोलले. मामांच्या मते जिला गोळी खाण्याचा एवढा अनुभव, तिला मारण्याचं निम्मं काम आलेलंच असतं.

श्रावणापासून दर रविवारी माझी शिकवणी सुरू झाली. खऱ्या दारूला मामा हात लावू देईनात. तिच्या जागी रवा. पितळेचा एक इवलासा चमचा होता, तो काठोकाठ भरायचा, शीग नाही. नळीचं तोंड वर, पण आपलं तोंड तिच्यावर नाही. रवा ओतायचा, वर जुन्या धोतराची चिंधी, मग गजानं दाबायचं. जोरात नाही, पण पोकळीही राहता कामा नये. शेवटी घोडा मागे घ्यायचा आणि त्याच्याखालच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. त्या बोंडीला सुईएवढं छिद्र असतं. टोपी फुटली की ठिणगी त्या छिद्रातून आत जाते आणि दारू पेटते. सगळा खेळ त्या छिद्राचा, हे मामा मला दर रविवारी नव्यानं सांगायचे.

मी गज हातात घेऊन तलवारीसारखा फिरवला की ते म्हणायचे, "नाटक नको करू. तोंड रानाकडे ठेव."

"रान कुठंय इथं? समोर मामी आहे."

"तिच्याकडे नको ठेवू. पुण्याले कोण संग येईन मंग?"

मी चाप ओढला की बार मामा तोंडानं काढायचे. "ठों." तो रविवारागणिक मोठा होत गेला, कारण त्यांना स्वतःचाच आवाज कमी येत होता. शेवटच्या रविवारी तर शेजारीण भिंतीवरून डोकावली आणि काळजीनं म्हणाली, "काकाजीले उलटी होऊन राह्यली का?"

रव्यामुळे नळीत मुंग्या झाल्या, हे मात्र आमच्या शास्त्रात बसलं नव्हतं. मामीनं त्या उन्हात काढल्या. मग नळी गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून झाला.

दसरा आला. सकाळी देवघरासमोर शस्त्रांची आरास मांडली. विळा, कोयता, मामीची शिवणमशीन, मामांची काठी, माझा लॅपटॉप, गाडीची चावी आणि मधोमध पाटावर पिस्तूल. मामीचा हात सढळ. दर वर्षी कोरडं कुंकू शेतात जाईतो उडून जातं, ही तिची तक्रार होती. शेवटची पूजा, कुंकू टिकायला पाहिजे, म्हणून तिनं ते तेलात कालवलं होतं. लॅपटॉपला बोट लागलं तेव्हा मी ओरडले. पिस्तुलाच्या वेळी तिनं मला विचारलं, "याचं कपाळ कोणतं वो?"

मी नाटकात असते तशी पुढे झाले आणि घोड्याखालच्या त्या उंचवट्याकडे बोट दाखवलं. "हे."

तिनं तिथं अंगठ्यानं दाबून ठसठशीत टिळा लावला, वर अक्षता चिकटवल्या, नमस्कार केला. मी पण केला. मामा शेजारीच होते, पण ते आरती ऐकू येते का याची परीक्षा घेत डोळे मिटून बसले होते.

संध्याकाळी आम्ही शेतावर गेलो. सोयाबीन निघून गेलेलं, तूर उभी, कपाशीला बोंडं. मामीनं मामांची प्लास्टिकची खुर्ची माझ्यापासून चांगली लांब, पळसाखाली मांडली. "ते शिकाऊ आहे," ती मामांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, म्हणजे सगळ्या शिवाराला ऐकू गेलं. बटईवाला त्याच्या बायकोसह आला होता. वारा आमच्या पाठीवरून रानाकडे वाहत होता.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दोन्ही पंजे दोन्ही कानांमागे धरले आणि मला म्हणाले, "मी डोळे मिटतो. डोळे उघडे असले का ध्यान फाकते. सगळं कानात जाऊ दे."

मी पितळेचा चमचा भरला, तर डबीच्या तळाशी फक्त चार कण दारू उरली. या वेळी रवा नव्हता. चिंधी, गज, टोपी. हात सरळ, तोंड रानाकडे. पाठीमागे प्रेक्षक आहेत हे माझी पाठ कधी विसरत नाही, त्यामुळे मी थोडी जास्तच सरळ उभी राहिले असेन. चाप ओढला.

टप.

नुसती टोपी फुटली. आत काही नाही. मामांनी शिकवल्याप्रमाणे मी तोंड रानाकडेच धरून थांबले. मामांनी डोळे उघडले आणि मामीकडे पाहिलं. "झाला का?"

मामीनं त्यांच्यासमोर हात हलवून नाही म्हटलं. ते परत डोळे मिटून बसले. मला दिसलं, त्यांना हायसं वाटलं होतं. चूक पिस्तुलाची होती, कानांची नव्हती.

दुसरी टोपी लावली. पुन्हा टप. "झाला का?" मामीचा हात. नाही.

बटईवाला आता कुंपणाला टेकला होता. "मॅडम, डुकरं हसून राह्यले असतीन," तो म्हणाला.

"तू गप रे," त्याची बायको म्हणाली. "तुह्यानं तर झटकाबी चालू होत नाही."

मी फुटलेली टोपी काढायला बोट लावलं, तर बोट लाल. आधी वाटलं कापलं. मग वास आला, गोडं तेल आणि कुंकू. सगळा खेळ ज्या छिद्राचा, ते मामीच्या भक्तीनं आणि माझ्या दिग्दर्शनानं गच्च बुजलं होतं. मी मामीला हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"पहिल्यांदाच ओलं लावलं वो मी," ती हळू म्हणाली. "टिकावं म्हणून."

तिनं पदराची पिन काढून दिली. मी पिस्तूल रानाकडेच धरून ते छिद्र कोरलं. लाल काला निघाला, एक अक्षतेचा तुकडा निघाला. डबीतले ते चार कण त्या छिद्रात सारले आणि तिसरी टोपी बसवली. उजेड उतरत चालला होता. मामी पदर धरून खुर्चीकडे परत गेली. मामा तसेच, डोळे मिटलेले, पंजे कानांमागे, मान थोडी पुढे. आयुष्यात कुठल्याही प्रेक्षकानं माझ्याकडे इतकं लक्ष दिलेलं नाही.

मी चाप ओढला.

हात खांद्यापर्यंत उडाला. छातीत धक्का बसला. पांढऱ्या धुराचा एवढा मोठा लोट निघाला आणि वाऱ्याबरोबर तुरीवरून रानाकडे निघून गेला. आवाज रानात शिरला आणि टेकडीला लागून परत आला. झाडावरचे सगळे बगळे एकदम उठले. बटईवाल्याची बायको खाली बसली होती. माझे स्वतःचे कान गात होते.

मी हसत, खरं सांगायचं तर थोडी झुकूनच, खुर्चीकडे वळले.

मामांची मान अजून पुढेच होती. डोळे मिटलेले. बगळे त्यांच्या डोक्यावरून गेले. मामीचा हात नाही म्हणायला अर्धा वर आला आणि तिथंच थांबला, कारण आता नाही कसं म्हणणार. मी पिस्तूल खाली धरून उभी होते, चमचा रिकामा होता आणि दारू संपली होती.

बराच वेळ गेला. मग मामांनी डोळे न उघडताच, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हटलं, "काढ ना वो बाई आता. कवाची वाट पाहून राह्यलो मी."