नलूताईंचं बोट

आमच्या समोरच्या नलूताई आमच्या घराचं दार उघडण्याआधी बेल वाजवायच्या. घरात कुणी नाही हे ठाऊक असूनही! घरातलं माणूस, म्हणजे मी, त्यांच्या शेजारीच भाजीची पिशवी धरून उभी असायचे. "अहो, मी इथे आहे, आतून कोण येणार?" मी वैतागायचे. "सुमनताई, दुसऱ्याचं घर आहे. सांगून उघडावं," त्या म्हणायच्या. मग जरा थांबून कुलपावर बोट टेकवायच्या. ते मेलं लगेच टिंग वाजायचं आणि मी माझ्याच घरात शिरायचे. घर माझं, बोट त्यांचं. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

डोंबिवलीची जागा सोडून मी कोलशेतला मुलाकडे राहायला आले, तेव्हा दाराला कुलूप होतं, पण किल्ली नव्हती. होती ती एकुलती एक मंदारच्या ऑफिसच्या बॅगेत. बाकीच्यांनी बोट लावायचं, नाहीतर आकडे दाबायचे, आणि कोण कधी आलं ते मंदारच्या मोबाईलवर दिसणार. मी आकडे दाबायला शिकले. पण मला ते मोठ्याने म्हणत दाबायची सवय. एकदा मध्येच अडले, तर मागून कुरिअरवाला म्हणाला, "आजी, आता नऊ." मंदारने त्याच दिवशी माझे आकडे बंद केले.

उरलं बोट. ते कुलपाला दिसेचना. "आई, तुझ्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत गं," मंदार म्हणाला. "कशा राहतील? जन्मभर तुझे डबे घासले काथ्याने!" शेवटी अडीनडीला म्हणून त्याने समोरच्या काकूंचं बोट घेतलं. पहिल्या फटक्यात टिंग. "बघ, काकूंचे हात किती मऊ आहेत," हे वर मलाच ऐकवलं.

असतील नाहीतर काय! बाईंचा जन्म टेलिफोन ऑफिसात गेला. घरी पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई, आणि झोपताना हातांना क्रीम. बोलणंही तसंच, कधी आवाज चढला नाही. वॉचमन मला पाहून मान हलवायचा, त्यांना पाहून उठून उभा राहायचा. माझी सून केतकी आमटीचं प्रमाणसुद्धा त्यांना विचारायची. मी काय मेले होते?

एका रविवारी मंदारने माझं बोट धुऊन, पुसून, क्रीम चोळून पुन्हा नोंदवलं. एकदाचं टिंग झालं. पोरगा असा खूश झाला, की बस. सोमवारी दार पुन्हा ढिम्म. संध्याकाळी त्याने विचारलं, "उघडलं ना गं?" त्याचं तोंड बघून मी म्हटलं, "उघडलं की!" झालं. त्या दिवसापासून बाहेरून आले की नलूताईंची बेल वाजवायची. वर त्यांनाच दम दिला, "मंदारला कळता कामा नये."

"माझ्याकडून नाही कळायचं," त्या म्हणाल्या.

कळलं मोबाईलकडून. एका संध्याकाळी नलूताई आमच्याकडे चहाला बसल्या होत्या. केतकी जरा अडखळत म्हणाली, "काकू, रागावू नका, पण आम्ही नसताना तुम्ही रोज घरात येता का? मोबाईलवर रोज तुमचंच नाव दिसतं." मंदार फरशीकडे बघत बसला.

नलूताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "येते," त्या म्हणाल्या. "साखर संपते माझी. विचारायला हवं होतं, चुकलंच."

साखर! बाईंना मधुमेह, हातात बिनसाखरेच्या चहाचा कप, आणि म्हणे साखर! केतकीचा चेहरा पडला. "मंदार, काकूंचं बोट काढून टाक," ती हळूच म्हणाली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे बोट हिचं, सून हिची, आणि आता चांगुलपणाही हिचाच? माझी अब्रू ही झाकणार, स्वतः चोर ठरणार, आणि मी जन्मभर उपकाराखाली राहणार? अजिबात नाही!

"त्या नाही येत, मी येते!" मी ओरडले. "त्या नुसतं दार उघडून देतात, तेही बेल वाजवून! माझं बोट चालत नाही, आणि तुम्हाला सांगायची मला लाज वाटते!"

केतकी रडायलाच लागली, काकूंचे हात धरून. नलूताईंनी चहा शांतपणे संपवला. दाराशी मला म्हणाल्या, "कशाला बोललात? मी निभावलं असतं."

"म्हणूनच बोलले," मी म्हटलं. त्या खदखदून हसल्या. इतकं मोठ्याने हसताना त्यांना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मंदारने बॅगेतली किल्ली माझ्या हातात ठेवली, ती तेव्हापासून माझ्या कमरेलाच असते. गेल्या दिवाळीनंतर नलूताई गेल्या, झोपेतच. समोर आता भाडेकरू आहेत. मंदार म्हणाला, "आई, गेलेल्या माणसाचं बोट कुलपात ठेवू नये. काढतो." "हात लावून तर बघ," मी म्हटलं.

हल्ली बाहेरून आले की मीही आधी बेल वाजवते. घरात कुणी नसतं. जरा थांबते आणि मग किल्ली लावते. परवा सहज म्हणून माझं बोट टेकवून पाहिलं. कुलूप ढिम्म. नलूताईंचं असतं तर पहिल्या फटक्यात टिंग वाजलं असतं. जीव जळतो हो माझा, अजून जळतो.