पाहुण्यांचं बाक

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या सुतारकाकांना सगळी इमारत पाठीमागे 'भिंगरी' म्हणते. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त काकूंची. हा माणूस स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. चहाला आले तरी एक हात कपावर आणि दुसरा आमच्या टेबलाचा पाय हलवून बघण्यात गुंतलेला. माझ्या वर्गात असते, तर त्यांना मी सारखी फळा पुसायला उठवत राहिले असते आणि आम्ही दोघंही सुखी झालो असतो.

त्यांचा सारा जन्म शहरातल्या मोठ्या फुटबॉल स्टेडियममध्ये गेला. ते नोकरीला लागले तेव्हा प्रेक्षकांच्या पायऱ्या लाकडी होत्या. गोल झाला की हजारो पाय एकदम आपटायचे आणि दुसऱ्या दिवशी काका हातोडी घेऊन उचकटलेले खिळे ठोकत फिरायचे. पुढे लाकूड गेलं, काँक्रीट आलं, खुर्च्या आल्या, छप्पर आलं. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा क्लबनं त्यांना नवं काम दिलं. तिकीट काढून स्टेडियम बघायला येणाऱ्यांना ते हिंडवून आणायचं. मुळात हिंडायचंच काम, मग काय विचारता.

मीही एकदा त्यांच्या गटातून गेले होते. चषकांच्या दालनात ते थांबतच नाहीत. "चषक काय, कपाटात बसून असतात," म्हणाले आणि पुढे निघाले. मैदानाच्या कडेला दोरी लावलेली. तिथं कुणीतरी वाकून गवताला हात लावायला गेलं, तर काका म्हणाले, "डोळ्यांनी लावा. त्यानं गवताला दुखत नाही." मग यजमान संघाची खोली: रुंद बैठकी, भरपूर उजेड, प्रत्येकाच्या नावाची पाटी. आणि तिच्या समोर, बोळ ओलांडून, पाहुण्या संघाची.

त्या खोलीचं दार मुळी उघडेचना. काकांनी ते किंचित वर उचललं, खांद्यानं धक्का दिला, तेव्हा कुठे आत गेलो. "बसा," ते म्हणाले. आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो आणि सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी आले. खुंट्या हात पोचतो त्याच्या जेमतेम वर. आरशात नुसता गळा दिसतो. नळ टपटपत होता.

"हे बिघडलेलं नाही," काका म्हणाले, "हे बनवलेलं आहे."

फार पूर्वी इथं एक खडूस प्रशिक्षक होता. पाहुण्यांनी मैदानात उतरण्याआधीच वैतागलेलं असावं, असं त्याचं मत. त्यानं काकांकडून बाक चार बोटं खाली करून घेतलं. आधी नमुन्याचं एक छोटं बाक करवलं, त्यावर स्वतः बसून पाहिलं, कण्हत उठला आणि म्हणाला, "झकास." खोलीची किल्ली त्यानं काकांच्याच हातात दिली. प्रशिक्षक गेला, त्याच्यानंतरचेही गेले, सगळं स्टेडियम नवं झालं. ती खोली तशीच राहिली. दुसऱ्याची वस्तू दिसली की ज्याचे हात शिवशिवतात, त्या माणसानं एवढी वर्षं हा बिघाड डोळ्यांत तेल घालून जपला. दार झिजून आपोआप नीट व्हायला लागलं की त्याला लाकडाची पाचर लावून पुन्हा अडवायचं, हेही कामच.

घोडं अडलं ते नातवामुळे. काकूंच्या लेकीचा हा मुलगा, आम्ही त्याला लांब्या म्हणतो, दुसऱ्या शहरातल्या संघात राखीव गोलरक्षक होता. मुख्य गोलरक्षकाचं बोट मोडलं आणि लांब्याला पहिली संधी मिळाली ती नेमकी इथल्या सामन्यात. गेल्या वर्षी त्याची कंबर दुखावली होती. हंगाम संपला की त्याला ठेवायचं की सोडायचं, हे या सामन्यावर ठरणार होतं.

"तुम्ही केलेलं बाक तुमच्याच नातवाची कंबर धरणार," काकू म्हणाल्या.

त्या रात्रीपासून खालून करवतीचा आवाज यायला लागला. बाकाच्या पायांखाली सरकवायला त्यांनी ठोकळे केले, पिशवीत भरले आणि सामन्याच्या आदल्या दिवशी स्टेडियमवर घेऊन गेले. परत आले तेव्हा मी काकूंशी बोलत दारातच उभी होते. पिशवी तितकीच जड दिसत होती.

"लावले?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"का?"

"वाकलो होतो लावायला. मग वाटलं, किल्ली माझ्याकडे दिली होती ती कशासाठी? आज माझा नातू आला, उद्या दुसऱ्या कुणाचा येईल."

"मग आज किल्लीलाच शेजारी बसवा जेवायला," म्हणून काकू आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सामन्याला आल्याच नाहीत. "बाई, तुम्ही जा यांच्याबरोबर. कुठंतरी धडपडतील," असं सांगून त्यांनी मला पाठवलं. आमच्या जागा जिन्याजवळ होत्या, पण काका बसले म्हणाल तर राष्ट्रगीतापुरतेही नाहीत, कारण त्यालाही उभंच राहायचं असतं. ते खाली बोळात येरझारा घालत होते. वर आरडाओरडा झाला की जिन्याच्या तोंडाशी त्यांचं डोकं दिसायचं.

"कशी आहे त्याची कंबर?"

"काका, इतक्या लांबून मला त्याची कंबर दिसत नाही."

डोकं नाहीसं व्हायचं. पुढच्या आवाजाला पुन्हा हजर.

सामना संपत आला, तरी कुणाचाच गोल झाला नव्हता. आमच्या आघाडीच्या खेळाडूनं जमिनीलगत सणसणीत चेंडू मारला. लांब्यानं उजवीकडे अंग झोकून दिलं. सगळं स्टेडियम उठलं आणि मग एकदम हळहळलं.

"काय झालं?" जिन्यातून आवाज आला.

"अडवला."

"ते जाऊ दे हो. उठला का?"

"उठला."

"लगेच?"

"लगेच."

काका तिथंच पायरीवर बसले. शिट्टी वाजेपर्यंत बसून होते.

संध्याकाळी लांब्या घरी आला. काकूंनी मलाही खाली बोलावलं. स्वयंपाकघराचं दार अडलेलं होतं. लांब्यानं बोलता बोलता ते वर उचललं, खांदा लावला आणि आत येऊन भिंतीलगतच्या बाकावर पाय एका बाजूला दुमडून बसला. तेव्हा मी ते बाक पहिल्यांदा नीट पाहिलं. प्रशिक्षक ज्यावर बसून कण्हला होता, तेच. नमुना घरी आला होता आणि लांब्यानं सगळ्या सुट्ट्यांत त्याच्यावर बसूनच जेवण केलं होतं.

"कंबर?" काकांनी विचारलं.

"कंबरेला काय झालंय? बाकीचे वैतागले होते. कप्तान तर दाराला लाथा घालत होता. मी म्हटलं, अरे, उचल आणि ढकल. आणि असं तिरकं बसा, म्हणजे पाठ धरत नाही. आजोबा, नळसुद्धा आपल्यासारखाच टपकतो तिथं. मला झोप यायला लागली होती."

"क्लबचं काय ठरलं?" काकूंनी विचारलं.

"ठेवतायत. आणखी दोन वर्षं."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच गॅस बारीक करायला वळल्या. काका उठले. कपाटावरून रंधा काढला, स्वयंपाकघराच्या दारापाशी गेले आणि बिजागरीवर हात फिरवला. हे दार नीट करा म्हणून काकू त्यांच्या मागे किती वर्षं लागल्या होत्या, ते साऱ्या इमारतीला ठाऊक आहे.

काकूंनी वळून पाहिलं.

"राहू दे ते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी परत खेळायचंय त्याला तिथं."

काकांनी रंधा परत कपाटावर ठेवला. मग त्यांची नजर नळाकडे गेली.

"त्यालाही हात लावू नका," काकू म्हणाल्या. "बसा."