कानस खाली ठेवा, इक्बालभाई

शर्यत पाच मिनिटांची आणि तयारी आठवडाभराची, असा छंद असला की किस्से साचणारच. आमच्याकडे इतके साचलेत की चार लोक जमले की कुणीतरी म्हणतंच, "तो एसीचा किस्सा सांग ना." मग मलाही राहवत नाही.

आमचा ग्रुप म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या रेसिंग बोटींनी झपाटलेली माणसं. हातभर लांबीची बोट, तिच्या मागे इवलासा प्रॉपेलर आणि त्या प्रॉपेलरपायी आम्ही सगळे वेडे. रविवारी सकाळी शारजाहून रास अल खैमाच्या बाजूला जायचं, अबू सालेम नावाच्या एका भल्या अरबाच्या फार्मवरच्या तळ्यात बोटी सोडायच्या आणि दुपारी भांडत परत यायचं. आधी मी नवऱ्याला, म्हणजे हेमंतला, नुसती सोबत म्हणून जायची. गाडीत बसून जीव कंटाळला म्हणून काठावर आले. काठावर नुसतं बघवेना म्हणून स्वतःची बोट घेतली. स्वस्थ बसणं आमच्यात कुणालाच जमत नाही.

तर एसीचा किस्सा. प्रॉपेलरची दोन्ही पाती वजनाला अगदी सारखी लागतात, नाहीतर बोट थरथरते. त्यासाठी तो एका बारीक दांडीवर ठेवून कुठलं पातं खाली झुकतंय ते बघायचं. पण एसीची झुळूकसुद्धा त्याला हलवते. म्हणून भर ऑगस्टमध्ये, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हेमंतने एसी बंद केला. नेमके तेव्हाच त्याच्या ऑफिसमधले साठे आणि त्यांच्या मिसेस आल्या. दोघं घामाने निथळतायत आणि हा टेबलावर डोळे लावून म्हणतोय, "दोनच मिनिटं, पातं स्थिर होतंय." त्या बिचाऱ्यांना वाटलं, आमची परिस्थिती ओढगस्तीची आहे. पुढच्या वेळी येताना त्यांनी मिठाईऐवजी टेबल फॅन आणला!

अबू सालेम आमच्यासाठी खजूर आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेऊन यायचा आणि खुर्ची टाकून बघत बसायचा. आमचं काय चाललेलं असायचं? बोट पाण्यात सोडायची, काढायची, कानशीने प्रॉपेलर घासायचा, पुन्हा सोडायची, पुन्हा काढायची. उन्हं वर आली तरी शर्यतीचा पत्ता नाही. एकदा त्याने बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी अगदी आदराने हेमंतला विचारलं, "हबीबी, ये बोट का खेल है या कानस का?"

यात सगळ्यांचे गुरू इक्बालभाई. मूळचे रत्नागिरीचे, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत आयुष्य गेलं. बोटीबद्दल आम्हाला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. पण गंमत अशी की त्यांनी स्वतः एकही शर्यत पूर्ण केली नव्हती. निघायच्या आधी हात शिवशिवायचे. "जरा टोक मारतो," म्हणून कानस काढायचे आणि दुसऱ्या बोयापाशी, म्हणजे वळणाच्या तरंगत्या खुणेपाशी, वळताना बोट हमखास उलटी. घासून घासून त्यांचा प्रॉपेलर लहान होत चालला होता. त्यांची मुलगी सना एकदा म्हणाली, "अब्बा, यू विल बी रेसिंग अ बटन सून."

त्यातच त्यांची रिटायरमेंट आली. व्हिसा संपणार, कायमचं गावी जायचं. ते कुणापुढे कधी काही मागत नाहीत, पण त्या दिवशी चहा पिता पिता मला म्हणाले, "वहिनी, जायच्या आधी एकदा तरी सगळ्या फेऱ्या मारून बोट सरळ परत यायला पाहिजे हो." मला फार वाईट वाटलं. त्यानंतर आम्हा सगळ्यांचाच जीव त्या एका बोटीत अडकला.

आणि तिथेच आम्ही घोळ घातला. त्यांची बोट थोडी उजवीकडे ओढायची. ते हात धुवायला गेले तेवढ्यात हेमंतने गुपचूप डाव्या बाजूला शिशाचा तुकडा चिकटवला. त्याला वाटलं कुणी पाहिलं नाही, आणि मीही पाहिलं नव्हतं. मी माझ्या परीने मागचं सुकाणू किंचित डावीकडे वळवून ठेवलं. सनाने रिमोटवरचं ट्रिम, म्हणजे दिशा जुळवायचं बटण, डावीकडे सरकवलं, तेही कुणाला न सांगता. बोट पाण्यात सोडली तर ती भोवऱ्यासारखी डावीकडेच गरगर फिरायला लागली. इक्बालभाई बराच वेळ बघत राहिले, मग आकाशाकडे बघून म्हणाले, "आज वारा फिरलेला दिसतोय." आम्ही तिघं आपापल्या बुटांकडे बघत होतो.

मग आला त्यांचा शेवटचा रविवार. सामान बांधून झालं होतं, दुसऱ्या दिवशीची फ्लाइट. सनाने आल्या आल्या कानस त्यांच्या हातातून घेतली आणि गाडीत टाकून गाडी लॉक केली. इक्बालभाई खिसे चाचपत होते, मग नुसते हात चोळत उभे राहिले. मी म्हटलं, "आज काही करायचं नाही. आहे तशी सोडायची." ते म्हणाले, "इन्शाल्ला."

हेमंत, मी आणि ते, अशी तीनच बोटींची शर्यत. पहिला बोया गेला. दुसऱ्या बोयापाशी त्यांची बोट कलली आणि सावरली. पुढच्या फेरीत पुन्हा सावरली. मग प्रत्येक फेरीत ती तिथे येऊन कलायची आणि सावरायची. माझी आणि हेमंतची बोट आधीच पोचली होती. आम्ही रिमोट खाली ठेवले आणि ओरडत सुटलो. अबू सालेम खुर्चीवरून उठला. शेवटच्या सरळ पट्ट्यात बोट पाण्याला जेमतेम टेकत आली आणि शेवटच्या रेषेवरून निघून गेली. ते तिसरे, म्हणजे शेवटचे आले. हेमंतने त्यांना मिठीच मारली.

पण त्यांचं बोट रिमोटवरून उठेना. बोट तशीच पुढे गेली.

"इक्बालभाई, खलास," हेमंत म्हणाला. "झाली रेस."

बोट पहिल्या बोयाला सुरेख वळली, दुसऱ्यालाही वळली, आणि आमच्या समोरून पुन्हा गेली. अबू सालेमही उभाच होता. सना हळूच त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अब्बा, यू फिनिश्ड. इट्स ओव्हर."

"ठाऊक आहे गो," ते म्हणाले, आणि त्यांनी बोट पहिल्या बोयाकडे वळवली.